चार जणांचा तांडा

मागच्या दिवाळीनंतर आई आमच्याकडे पुण्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी तापानं फणफणली. दारव्हा ते पुणे म्हणजे ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र. थकवा असेल, हवा बदलली असेल, बाहेरचं काही खाल्लं असेल... मी आपले नेहमीचे तर्क लढवत होतो. डॉक्टरांनी लघवी तपासायला सांगितली. इन्फेक्शन निघालं. मग त्यांनी आईला सरळ विचारलं, "प्रवासात पाणी किती प्यायलात?"

आई माझ्याकडे बघून कसनुशी हसली. मग माझ्या बायकोकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "नाही प्यायले."

नाही म्हणजे किती नाही? तर आदल्या दिवशी दुपारी चारपासून एक घोट नाही. गाडी रात्री कुठल्यातरी धाब्यावर थांबणार, तिथलं ते ओलं, अंधारं बाथरूम, गुडघे दुखतात म्हणून खाली बसता येत नाही, आणि तोवर ड्रायव्हर हॉर्न वाजवणार. त्यापेक्षा पाणीच नको. आणि ही बाई गेली सात वर्षं मधुमेही. इन्शुलिन चालू.

घरी येताना रिक्षात बायको म्हणाली, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"हेच. आम्ही सगळ्याच करतो. मी पण."

मला माहीत नव्हतं. ऑफिसात एखाद्या सर्व्हरची मेमरी ऐंशी टक्क्यांवर गेली तर रात्री तीन वाजता माझा फोन वाजतो. घरच्या माणसांचं मॉनिटरिंग मात्र शून्य. अठ्ठावीस वर्षं आईबरोबर प्रवास केला. शेगाव, माहूर, नागपूर, लग्नं, बारशी... प्रत्येक वेळी 'आईला गाडी लागते, म्हणून ती काही खात-पीत नाही' असंच मी समजत आलो. आईला गाडी कधीच लागत नव्हती.

तर मंडळी, कॅरॅव्हॅनचं खूळ तिथून सुरू झालं.

आईची फार दिवसांची इच्छा होती की एकदा सगळ्यांनी मिळून पोहरादेवी आणि लोणार करावं. दोन्ही आमच्याकडून तशी लांब नाहीत. पोहरादेवी वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात, लोणार बुलढाण्यात. पण "जाऊ, जाऊ" म्हणत वर्षं निघून जातात. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं, तेव्हा कुठेतरी वाचलेलं डोक्यात होतं. शोधल्यावर पुण्यात एक गाडी भाड्यानं मिळाली, ड्रायव्हरसकट. आत बाकाचे पलंग होतात, छोटासा ओटा, फ्रीज आणि मागच्या कोपऱ्यात टॉयलेट. बाकी काही नसतं तरी मी घेतलीच असती. भाडं ऐकून बाबा फोनवर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढ्यात तर..." आणि वाक्य सोडून दिलं. निवृत्त शिक्षक आहेत, वाक्य अर्धं सोडून शिकवायची सवय जुनी.

आता गाडी मिळाली म्हटल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. गाडीत काय काय हवं? इंटरनेटवर याद्यांचा सुकाळ आहे. बहुतेक इंग्लंड नाहीतर ऑस्ट्रेलियातल्या. मी एक्सेल शीट उघडली. रकाने पाडले: वस्तू, वजन, किंमत, लागणारी वीज, 'नसली तर काय?'. हा शेवटचा रकाना फार महत्त्वाचा, असं तेव्हा मला वाटत होतं. तरीसुद्धा पंधरा दिवसांत दारात इतके खोके येऊन पडले की वॉचमननं विचारलं, घर बदलताय का. घडीची टेबलखुर्ची, गाडीच्या कडेला लावायचा मांडव, रंगीत दिव्यांची माळ, हवा भरायचा सोफा (हो, सोफा!), बिनविजेचा कॉफी मेकर, तीन छोटे पंखे. त्यातलं निम्मं परत पार्किंगमधल्या कपाटात गेलंय आणि तिथेच राहील. सोफ्याचं तर नावच काढायचं नाही असा घरात ठराव आहे.

विजेचं गणित मात्र मांडलं ते बरं झालं. गाडीत बॅटरी होती १२ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची. गुणाकार केला की २४०० वॉट-अवर, म्हणजे आपल्या घरच्या मीटरवरचे जेमतेम अडीच युनिट. त्यात १२ व्होल्टचा पंखा पंचवीस वॉट खातो, रात्रभर चालवला तरी पाव युनिट सुद्धा जात नाही. दिवे, मोबाईल, फ्रीज यांचं भागतं. पण इंडक्शनची शेगडी लावली की दोन हजार वॉट. तासाभरात बॅटरीचा निकाल. एसीचंही तेच, दोन-अडीच तासांत खेळ खलास. जाहिरातीत गाडी नदीकाठी उभी असते, आत एसी चालू, बाहेर कोणी नाही. त्या नदीकाठी प्लग कुठे असतो ते फोटोत दाखवत नाहीत. म्हणून उष्णता करणारं जे जे असेल ते गॅसवर किंवा थेट विजेच्या प्लगवर, आणि प्रकाश-वारा करणारं बॅटरीवर, एवढी साधी वाटणी केली. पंचवीस मीटरची जाड वायर घेतली, मातीच्या अर्थिंगसकट तीन पिनांची. घरातली बारीक एक्स्टेन्शन गुंडाळीवर ठेवून हजार वॉट ओढले की ती तापते, वितळते सुद्धा. वायर पूर्ण उलगडूनच वापरायची.

आणि फ्रीज. त्याचं काम एकच, आईच्या इन्शुलिनची न उघडलेली पेनं. ती २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाहीत. एकदा गोठलं की ते इन्शुलिन फेकूनच द्यायचं. गाडीतल्या छोट्या फ्रीजची मागची भिंत बर्फासारखी गार पडते, तिला चिकटून ठेवलं तर काम तमाम. मी दीडशे रुपयांचा एक छोटा थर्मामीटर आत टाकला आणि पेनं स्टीलच्या डब्यात घालून दाराच्या कप्प्यात ठेवली. चालू पेन बाहेर, आईच्या पर्समध्ये. ते महिनाभर साध्या खोलीत चालतं, ऊन लागू नये एवढंच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी पहाटे पुण्याहून निघालो. मी, बायको आणि ड्रायव्हरकाका. अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगर, तिथून समृद्धी महामार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डीचा टप्पा खुला झाला तेव्हापासून आम्हा विदर्भातल्या पुणेकरांचं गाव जवळ आलंय. कारंजाला खाली उतरलं की दारव्हा तासाभराच्या आतबाहेर. दुतर्फा कपाशीची शेवटची वेचणी, तुरी उभ्या.

गल्लीत गाडी शिरली आणि जत्राच भरली. शेजारचे काका चष्मा वर करून म्हणाले, "काहून भाऊ, दवाखान्याची गाडी होय का हे? कोनाले नेऊन राह्यले?" पोरं आत-बाहेर करून गेली. एका मावशींनी टॉयलेटचं दार उघडून बघितलं, बंद केलं, आणि आईकडे अशा नजरेनं पाह्यलं की मला कळेना त्यांना हसू येतंय की हेवा वाटतोय.

पहिली अडचण तिथेच, दारात. गाडीची पायरी जमिनीपासून दीड फूट. आईचा गुडघा तेवढा वाकत नाही. मी ऐटीत ऑनलाइन मागवलेलं घडीचं प्लास्टिक स्टूल काढलं. आईनं पाय ठेवला, ते सरकलं, बरं की बायकोनं धरलं. काचेला चिकटवायचा एक हँडल आणला होता, रबरी कप दाबून बसवायचा. तो दोन मिनिटांत सुटून हातात आला. बाबा काही न बोलता आत गेले. आजीचा सागवानी पाट घेऊन आले, चार बोटं जाड. त्याच्या खाली जुन्या सायकल टायरचे तुकडे चुका मारून ठोकले. मग दाराच्या लोखंडी चौकटीला सुताचा जाड दोर बांधला, वीतभर अंतरावर गाठी मारून. आई पाटावर चढली, गाठ धरली आणि आत. माझ्या शीटमध्ये 'पाट' ही ओळ नव्हती.

रात्री अंगणात गाडी लावून आत झोपून बघायचं ठरलं, सराव म्हणून. कुणी कॅरॅव्हॅन घेणार असाल तर एवढं जरूर करा. पहिली रात्र स्वतःच्या अंगणात काढा. जे विसरलंय ते दहा पावलांवर सापडतं. आमचं अंगण उताराचं, सगळे डोक्याकडून खाली घसरायला लागले. मी मोबाईलवर लेव्हलचं ॲप लावून अंश मोजत होतो, तेवढ्यात बाबांनी परातीत बोटभर पाणी घालून ती मधोमध ठेवली. पाणी एका काठाला आलं. दोन फळ्या, एक फरशीचा तुकडा, ड्रायव्हरकाकांनी गाडी इंचभर पुढे घेतली, पाणी सरळ. चाकांना दगड लावले. आजोबांच्या बंडीला असंच करत, म्हणाले.

बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. त्या रात्री बाबा बंडीवर सुटले. यात्रेला, लग्नाला निघायचं तर काय काय घ्यायचं याची यादी त्यांना अजून पाठ आहे. आखाला वंगण (ते ओंगन म्हणतात), कंदील आणि रॉकेलची बाटली, कॅनव्हासची छागल, दोर, कडबा, घोंगड्या, तवा, दशम्या, तिखट-मीठ. कॅनव्हासमधून पाणी झिरपतं, वाऱ्यानं सुकतं आणि आतलं गार होतं. फ्रीजचंच तत्त्व, वायर नाही एवढंच. खरं तर कॅरॅव्हॅन या शब्दाला आमच्या भागात शब्द शोधावा लागत नाही. तांडा! बंजारा समाज शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरला, बायकापोरं-संसारासकट. पुढे रस्ते आणि आगगाड्या आल्या, तो व्यापार गेला आणि तांडे जिथे होते तिथे स्थिरावले. आमच्या यवतमाळ-वाशीम पट्ट्यात कितीतरी वस्त्यांच्या नावातच अजून तांडा आहे. चालणाऱ्या गोष्टीचं नाव थांबलेल्या गावाला.

असो. खरा प्रश्न टॉयलेटचा, त्याकडे येतो.

गाडीत जे असतं त्याला कॅसेट टॉयलेट म्हणतात. खुर्चीसारखं बसायचं, खाली १८ लिटरची पेटी, ती बाहेरून ओढून काढायची आणि रिकामी करायची. परदेशी याद्यांत लिहिलेलं असतं, दोघांना तीन दिवस आरामात पुरते. पण ते लोक कागद वापरतात हो. आपण पाणी. एका वेळेचा लिटर-सव्वा लिटर धरा, की चौदा-पंधरा वेळात पेटी भरली. चार माणसांना एक दिवस. हा हिशोब मला कुठल्याच यादीत मिळाला नाही, अंगणातल्या रात्रीनंच दिला. उपाय म्हणजे बारीक धारेचा जेट आणि पेटीत घालायचं औषध. ते औषध जैविक घ्या, जंतुनाशक जालीम नको; कारण पेटी शेवटी कुणाच्यातरी सेप्टिक टाकीतच ओतायची, आणि जालीम औषधानं त्या टाकीतले कामाचे जिवाणू मरतात. सकाळी आमच्याच संडासात मी ती रिकामी केली. नाकाला रुमाल, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. पहिल्यांदाच करत होतो. बाबा बादली घेऊन मागे उभे राहिले, पाणी ओतत. दोघांपैकी कोणी बोललं नाही. झाल्यावर त्यांनी मला साबण दिला.

शनिवारी सकाळी दिग्रसमार्गे पोहरादेवीला निघालो. बायकोनं आईच्या हातात लिटरची बाटली दिली. दिग्रस आलं, बाटली तशीच. मानोऱ्याच्या रस्त्याला लागलो, बाटली तशीच.

"आई, पाणी."

"मले नाई लागली तहान."

मी चक्रावलो. टॉयलेट पाच फुटांवर आहे, खुर्चीचं आहे, स्वच्छ आहे, मी स्वतः धुतलंय! एवढा खटाटोप, एवढं भाडं... आता काय राहिलं? बायकोनं मला डोळ्यांनी गप्प केलं आणि ड्रायव्हरकाकांना गाडी एका झाडाखाली घ्यायला सांगितली. मग म्हणाली, "सगळ्या पुरुषमंडळींनी खाली उतरा. पाय मोकळे करा. दहा मिनिटं वर यायचं नाही." आम्ही तिघं उतरलो. मागे दार बंद झालं आणि आतून मोठ्या आवाजात जुनी भावगीतं सुरू झाली. सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्पीकर, बायकोनं स्वतःसाठी आणलेला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाच फूट हीच तर अडचण होती. प्लायवूडचं पातळ दार आणि पलीकडे नवरा, मुलगा, परका ड्रायव्हर. आवाज जाणार. साठीच्या आईनं आयुष्यभर जे कोणाला कळू दिलं नाही, ते मी तिला पाच फुटांवर करायला सांगत होतो आणि वर स्वच्छतेचं कौतुक करून घेत होतो.

तिथून पुढे नियमच झाला. दर दोन तासांनी गाडी थांबणार, पुरुष उतरणार, गाणी लागणार. शिवाय चालत्या गाडीत आत उठून जाणं तसंही धोक्याचं, पट्टा लावून बसलेलंच बरं. दुपारपर्यंत बाटली संपली होती. मी ती बघितली, काही बोललो नाही. दुसरी भरून ठेवली.

पोहरादेवीला सेवालाल महाराजांचं दर्शन झालं. तिथे आता बंजारा विरासत संग्रहालय आहे, ५ ऑक्टोबर २०२४ ला उद्घाटन झालेलं. आधी वाटलं, आईला एवढं चालणं झेपेल का. पण तिनं सावकाश, बसत-उठत, बघितलं. बाहेर आल्यावर बाबा पुन्हा बंडीवर आले. याच बाजूला आम्ही लहानपणी यायचो, आजोबा हाकायचे, वाटेत तीन-चारदा थांबायचो, बैलांना पाणी दाखवायला. आजीला बैलांची फार काळजी, म्हणाले. सारखी म्हणायची, थांबवा, बैलं दमले असतील.

आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "बैलाईची नाई."

"मग?"

"बंडी कुठी थांबवाची ते सासूबाई ठरवे. तुरीचं वावर दिसलं का म्हने, बैलाईले पानी दाखवा. तूर उंच राह्यते ना. नाईतं नाल्याच्या वळनावर. बैलं तहानले असो का नसो."

गाडीत एकदम शांतता. बाबांचं वय सत्तरीकडे झुकलंय. ते म्हणाले, "मला वाटायचं, तिला बैलांचा जीव लागलाय." मग बराच वेळ ते रस्त्याकडेच्या तुरी बघत होते. माणूसभर उंच, शेंगा धरलेल्या.

वाशीम, रिसोड करत लोणारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. लोणारबद्दल शाळेत घोकलेलंच सांगतो: उल्कापातानं बेसाल्ट खडकात तयार झालेलं विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, पाणी खारं. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं म्हणून देशभर गाजलं होतं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आईला खाली उतरणं शक्यच नव्हतं. आम्ही काठावर पाट टाकला, ती त्यावर बसली आणि अर्धा तास नुसतं बघत राहिली. माझी घडीची खुर्ची खोल निघाली, त्यातून तिला उठता येईना. पुन्हा पाट एक, ऑनलाइन शून्य.

रात्री एका रिसॉर्टच्या आवारात गाडी लावली, आधीच फोन करून विचारलं होतं. जागा, एक प्लग, पाणी भरायला नळ, पेटी रिकामी करायला संडास आणि ड्रायव्हरकाकांना झोपायला खोली. या पाच गोष्टी फोनवर ठरवल्याशिवाय निघू नका. काकांच्या झोपेचा विचार तर कुठल्याच यादीत नसतो, आणि दुसऱ्या दिवशी आपला जीव त्यांच्या हातात असतो.

साडेदहाला वीज गेली. आणि थंडी! मी विदर्भात चाललो म्हणून तीन पंखे घेतले होते. मे महिन्याचा विदर्भ डोक्यात, जानेवारी विसरलेला. म्हणजे मी त्याच मातीत वाढलेला, पण पुण्यात राहून इतका पुणेकर झालोय. पत्र्याची गाडी मध्यरात्रीपर्यंत फ्रीजपेक्षा गार झाली. आई कुडकुडायला लागली.

बाहेर आम्ही वांगी भाजायला कोळशाची शेगडी पेटवली होती. बाबा म्हणाले, "शेगडी घेऊ ना आत. निखारे तं विझतच आले."

"नको."

"अरे दहा मिनिटं. आई थंडीनं..."

ते शेगडी उचलायला लागले. मी ओरडलो. म्हणजे खरंच ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर. "ठेवा ती खाली! मरायचंय का सगळ्यांना?"

शेजारच्या खोलीतला दिवा लागला. बाबांनी शेगडी खाली ठेवली आणि गाडीपासून लांब, तिच्याजवळ जाऊन बसले. पाठ आमच्याकडे.

निखारे विझत आलेले असले तरी ते कार्बन मोनॉक्साईड सोडतच असतात, उलट हवा कमी पडली की जास्त. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि थंडीत झोप यायला आपल्याला बरंच वाटतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आमची गाडी तर एखाद्या बाथरूमएवढी. म्हणून मी कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म घेतला होता, पलंगाच्या उंचीवर लावलेला, आणि एक किलोचं आग विझवायचं नळकांडं दाराजवळ. आत गॅसवर चहा करताना सुद्धा छताची खिडकी उघडीच ठेवत होतो. खर्चाच्या भीतीनं सगळं सोडा, ह्या दोन सोडू नका. हे सगळं बाबांना शांतपणे दारव्ह्यातच सांगायला हवं होतं. विज्ञानच शिकवायचे ते. पण मी शीट केली होती, त्यांना दाखवली नव्हती.

बायकोनं गॅसवर पाणी तापवलं. आईची गुडघ्यांसाठी नेहमी बरोबर असणारी रबरी पिशवी आणि दोन स्टीलच्या बाटल्या भरल्या, प्रत्येकीला जाड टॉवेल गुंडाळला. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, उघडी बाटली लागली तर भाजल्याचं कळत नाही, म्हणून टॉवेल दुहेरी, आणि बाटली पायापासून वीतभर लांब. आईच्या जुन्या सुती साड्यांच्या दोन गोधड्या होत्या, त्यातली एक खिडक्यांना लावली. वीस मिनिटांत ती झोपली.

मी बाहेर गेलो. बाबांशेजारी बसलो. बराच वेळ काही सुचेना. शेवटी मी अलार्म काढून आणला आणि शेगडीच्या वर हातभर धरला. थोड्या वेळानं तो जो किंचाळला! बाबा दचकले. मग तो हातात घेऊन उलटसुलट बघितला, आकडा वाचला, पुन्हा धरला. पुन्हा किंचाळला. "चांगलंय," म्हणाले. आम्ही शेगडी पूर्ण विझवली, पाणी ओतून. आत जाताना ते म्हणाले, "ओरडलास ते बरं केलं. पण सकाळी तुझ्या आईला सांगू नको, मी आणत होतो म्हणून." आई ह्या सगळ्यात जागीच असणार, याबद्दल मला शंका नाही.

रात्री दोनच्या सुमारास जाग आली. टॉयलेटच्या दाराशी खालच्या बाजूला मी एक छोटा दिवा चिकटवला होता, माणूस हलला की आपोआप लागणारा, अडीचशे रुपयांचा. तो लागला होता. आई गाठी धरत, कोणाला न उठवता, चालली होती. मी डोळे मिटून घेतले. पाठोपाठ बायकोच्या अंथरुणाकडून अगदी हळू आवाजात गाणं सुरू झालं. ती पण जागी होती.

रविवारी सकाळी दैत्यसूदन मंदिर बघितलं आणि संध्याकाळी दारव्ह्याला परत. वाटेत आईनं स्वतःहून दोनदा "थांबवा बरं" म्हटलं. बाबा दोन्ही वेळेला सगळ्यांच्या आधी उतरले, ड्रायव्हरकाकांना हाताला धरून घेऊन गेले आणि रस्त्याच्या पलीकडे त्यांना तुरीच्या जाती समजावत उभे राहिले.

पुण्याला येऊन गाडी परत केली तेव्हा सामान मोजताना लक्षात आलं, पाट आणि दोर तिकडेच राहिले. फोन केला. आई म्हणाली, राहू दे, एसटीत चढायला तोच नेते आता, कंडक्टर हसतो पण खाली ठेवून देतो. मग फोन बाबांनी घेतला. त्यांना तो अलार्म हवा होता. शेजारचे काका थंडीत खोलीत शेगडी ठेवून झोपतात म्हणे, सांगून ऐकत नाहीत, किंचाळून दाखवायचाय.